आल्प्सच्या घाटांत स्वतः गाडी चालवायचीय? तुमचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात आल्प्समधल्या उंच घाटरस्त्यांवर दोन पानं लिहिली आणि त्यानंतर इतकी पत्रं आली की हे सदर पूर्ण त्यालाच द्यायचं ठरवलं. बरेचसे प्रश्न सारखेच होते, म्हणून त्यातले सहा निवडलेत. मी स्वतः या रस्त्यांवर चार उन्हाळे गाडी चालवलीय, एकदा चांगलीच घाबरलेय, तेही खाली आलंय.

प्रश्न: आम्ही दोघं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दहा दिवस जातोय. यादीत स्टेल्व्हिओ, फुर्का, ग्रिम्झेल, सुस्टेन, गॉटहार्ड आणि ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर असे सहा घाट आहेत. मिस्टर म्हणतात नकाशावर अंतरं किरकोळ दिसतायत, एका दिवसात दोन-तीन सहज होतील. होतील का?

उत्तर: होतील, पण मग तुम्हाला फक्त वळणं आठवतील. नकाशावरचं अंतर घाटात काही कामाचं नसतं हो. इटलीतल्या स्टेल्व्हिओची प्राटो गावाकडची चढण घ्या, अंतर जेमतेम २४ किलोमीटर, पण तेवढ्यात तुम्ही १८०० मीटर वर चढता आणि ४८ हेअरपिन (म्हणजे जवळजवळ यू-टर्नसारखी) वळणं घेता, पुढे सायकलवाले, मागे मोटारसायकलवाले, मधेच एखादी बस, म्हणजे तास कुठे गेला कळत नाही आणि वर पोचल्यावर हात दुखत असतात ते वेगळंच.

तुमच्या यादीची दोन भागांत वाटणी करा. फुर्का (२४२९ मीटर), ग्रिम्झेल (२१६४) आणि सुस्टेन (२२२४) हे तिन्ही स्वित्झर्लंडमध्ये एकमेकांना लागून आहेत, आंडरमाट गावात मुक्काम केला की तिथून निघून गोल फिरून परत आंडरमाटलाच येता येतं, सगळी फेरी साधारण १२० किलोमीटरची. ही एका दिवसात होते, मात्र पूर्ण दिवस द्यायचा, सकाळी आठच्या आत निघायचं. दुसऱ्या दिवशी गॉटहार्ड. मग स्टेल्व्हिओसाठी पूर्वेकडे सरकायचं, तिथे दोन रात्री, म्हणजे एक दिवस हवा बिघडली तर दुसरा हाताशी असतो. ग्रोसग्लॉकनर तिथून अजून बराच लांब, पूर्वेकडे ऑस्ट्रियात आहे. दहा दिवसांत मी तो सोडला असता, किंवा तो ठेवून स्टेल्व्हिओ सोडला असता. दोन्हीचा हट्ट धरलात तर मधले दोन दिवस हायवेवर जातात.

आता मिस्टरांना एक गोष्ट नक्की सांगा. घाटाची उंची बघू नका, तो कधी बांधला ते बघा. मला हे कळायला दोन ट्रिप लागल्या. स्टेल्व्हिओचा रस्ता १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियन साम्राज्याने बांधला, कार्लो डोनेगानी नावाच्या इंजिनिअरने, आणि तो बांधला घोडागाड्यांसाठी. घोड्याला फार तीव्र चढ झेपत नाही, पण गाडी जागेवर वळवायला त्याला फारशी जागा लागत नाही, त्यामुळे चढ बेताचा ठेवला आणि डोंगराच्या अंगावर वळणांवर वळणं रचली, अगदी चिंचोळी. आज त्याच वळणावर तुम्ही लांबलचक भाड्याची गाडी घेऊन जाता म्हणून जड जातं. याउलट सुस्टेन १९३८ ते १९४५ मध्ये झाला, मोटारगाड्या डोळ्यासमोर ठेवून, त्यामुळे रुंद आहे, वळणं मोकळी आहेत. ग्रोसग्लॉकनर १९३५ चा, फ्रान्झ वालाक या इंजिनिअरचा, ४८ किलोमीटर आणि ३६ मोठी वळणं, तोही मोटारीसाठीच. म्हणून पहिला घाट सुस्टेन करा, हात बसू दे, आणि स्टेल्व्हिओ शेवटी ठेवा. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, प्रसिद्ध म्हणून आधी स्टेल्व्हिओला जातात आणि मग पुढची सगळी ट्रिप ताणात काढतात.

सप्टेंबरअखेर म्हणजे बर्फाची शक्यता असतेच. हे घाट साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघडे असतात पण मधेच एखादी रात्र बर्फ पडला की सकाळी बंद. स्वित्झर्लंडमध्ये खाली दरीतच मोठी पाटी असते, घाटाचं नाव आणि उघडा की बंद, ती बघितल्याशिवाय चढायला लागू नका, आणि आदल्या रात्री घाटमाथ्यावरचे वेबकॅम बघायची सवय लावा. फुर्का बंद असला तर रेआल्प ते ओबरवाल्ड गाडी ट्रेनवर चढवून बोगद्यातून नेतात, १५ किलोमीटरचा बोगदा आहे, म्हणजे अडकून पडत नाही.

आणि नेव्हिगेशन! ते नेहमी जवळचा रस्ता दाखवतं. गॉटहार्ड टाकलंत तर ते तुम्हाला सरळ जवळजवळ १७ किलोमीटरच्या बोगद्यात घालतं, तुम्ही डोंगराच्या पोटातून पलीकडे, घाट वर राहिला. मधला थांबा म्हणून घाटमाथ्याचं नाव मुद्दाम टाकायचं. जुना त्रेमोला रस्ता हवा असेल तर त्याचं नाव वेगळं टाकावं लागतं, कारण घाटमाथ्यावरून आयरोलोकडे उतरायला नवा रुंद रस्ता पण आहे. त्रेमोलाला २४ वळणं आणि फरसबंदी दगड, उन्हात सुंदर, पावसात मात्र टायर सरकतात, तेव्हा नवाच रस्ता घ्या.

प्रश्न: मी बारा वर्षं गाडी चालवतेय पण डाव्या बाजूने. तिकडे उजव्या बाजूने चालवायची, त्यात घाट, त्यात समोरून बस आली तर काय करायचं हे विचार करूनच पोटात गोळा येतोय. नवऱ्याला ड्रायव्हिंग येत नाही, म्हणजे सगळं माझ्यावरच आहे.

उत्तर: ताई, आधी एक सांगते, गाडी ऑटोमॅटिकच बुक करा आणि बुक करताना लेखी घ्या, कारण तिकडे भाड्याच्या गाड्या अजूनही पुष्कळशा गिअरच्या असतात. उजव्या हाताने गिअर, डाव्या बाजूचा मेंदू, समोर दरी, हे सगळं एकदम नको. पहिला दिवस सपाटीवर काढा. चूक होते ती गर्दीत नाही, रिकाम्या रस्त्यावर होते, पेट्रोल भरून बाहेर पडताना किंवा फोटोसाठी थांबून परत निघताना हात आपोआप डावीकडे वळतात. नवऱ्याला तेवढं एकच काम द्या, प्रत्येक वेळी निघताना मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं. हसू नका, आमच्याकडे हे काम माझा मुलगा करायचा आणि दोनदा त्याच्यामुळे वाचलोय.

आता समोरून गाडी आली तर. डोंगरी रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींना पार होत नसतील तर उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची, आणि रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर ती पण उतरणाऱ्यानेच घ्यायची, फक्त चढणाऱ्याच्या अगदी मागेच साइडला घ्यायची जागा असेल तर गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडमध्ये हा लेखी नियम आहे आणि इटलीत पण साधारण तसंच आहे. त्यामुळे चढताना निम्मी काळजी समोरच्याची असते हे लक्षात ठेवलं की बरं वाटतं.

बसची गंमत वेगळी. स्वित्झर्लंडमध्ये काही घाटांच्या सुरुवातीला निळ्या पाटीवर पिवळा भोंगा काढलेला दिसेल, त्याचा अर्थ हा डोंगरी पोस्टाचा रस्ता आहे, इथे पिवळ्या पोस्ट बसचा (पोस्टाच्या नावाने चालणारी प्रवासी बस) ड्रायव्हर जे हाताने सांगेल ते ऐकायचं. पुढे या म्हटलं की या, मागे जा म्हटलं की मागे. आणि ती बस आंधळ्या वळणाआधी तीन सुरांचा हॉर्न वाजवते, रोसिनीच्या विल्यम टेल ऑपेरातले सूर आहेत ते. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खिडकी अर्धी उघडी होती, ग्रिम्झेलवर धुकं होतं, समोर काही दिसत नव्हतं, आणि खडकावरून घुमून ते तीन सूर आले, मी वळणाच्या अलीकडेच थांबले आणि मिनिटाभराने धुक्यातून ती पिवळी भिंत अख्खा रस्ता अडवून वळली. ड्रायव्हरने हात वर केला, मी पण केला. तेव्हापासून घाटात मी गाणी लावत नाही आणि खिडकी थोडी उघडीच ठेवते.

म्हणजे काय, हॉर्न ऐकू आला की वळणाच्या अलीकडे थांबायचं, वळणात शिरायचं नाही. तुम्ही उजव्या बाजूने जात असता तेव्हा उजवं हेअरपिन आतल्या अंगाने, म्हणजे सगळ्यात अरुंद. तिथे ब्रेक वळणाच्या आधी, वळताना नजर बॉनेटवर नाही तर रस्ता जिकडे निघतो तिकडे, मान पूर्ण वळवून. आणि मागे गाड्यांची रांग लागली तर पुढच्या रुंद जागी इंडिकेटर देऊन बाजूला व्हा, जाऊ दे त्यांना. तिकडचे लोक रोज त्याच रस्त्याने कामाला जातात, ते तुमच्यावर चिडलेले नसतात, फक्त त्यांना पुढे जायचं असतं.

प्रश्न: मागच्या वर्षी ऑस्ट्रियात एका घाटातून उतरताना ब्रेकमधून जळका वास यायला लागला. गाडी भाड्याची होती. काही झालं नाही पण तेव्हापासून भीती बसलीय. गाडी खराब होती की माझं चुकलं?

उत्तर: बहुतेक गाडीचं काही नव्हतं. हे सगळ्यांना सांगायचंच होतं म्हणून बरं झालं विचारलंत.

माझ्याबाबतीत स्टेल्व्हिओवरून प्राटोकडे उतरताना झालं. तिथे प्रत्येक हेअरपिनला नंबर आहे, सगळ्यात वर १ आणि सगळ्यात खाली ४८, मी साधारण वीस-बावीसपर्यंत आले असेन, ऑटोमॅटिक गाडी, गिअर डी मध्ये, आणि पाय सतत ब्रेकवर टेकवलेला. आधी वास आला, मला वाटलं पुढच्या गाडीचा असेल. मग पेडल मऊ लागायला लागलं, म्हणजे दाबतेय पण नेहमीपेक्षा खोल जातंय. अंगाला घाम फुटला. सिलेक्टर ओढून मॅन्युअलला आणला, दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडलं, गाडी धरली गेली आणि पुढच्या वळणानंतरच्या मोकळ्या जागेत थांबवली. चाकातून पातळ धूर येत होता. मी पाण्याची बाटली काढली तर तिथे थांबलेले एक म्हातारे सायकलवाले धावतच आले, हात हलवून नको नको, तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं की ती वाकते किंवा तडकते. त्यांनी घड्याळ दाखवून अर्धा तास अशी खूण केली. मी चाळीस मिनिटं बसले. मग खालच्या त्राफोई गावापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये आले, ब्रेक अगदी मोजके, आणि पेडल परत कडक झालं होतं.

होतं काय तर ब्रेक सारखा घासत राहिला की पॅड इतके तापतात की पकड सुटते, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओलावा शिरलेला असतो, तो तापून त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते म्हणून पेडल मऊ लागतं. उपाय एकच, उतार सुरू व्हायच्या आधी गिअर कमी करायचा, उताराच्या मध्यावर नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं हा जुना ड्रायव्हरांचा हिशेब अजूनही बरोबर आहे. ऑटोमॅटिकला एम, एल, बी असं काहीतरी असतं किंवा स्टिअरिंगमागे पॅडल असतात, गाडी ताब्यात घेतानाच ते कुठे आहे विचारून घ्या, लाजू नका. इंजिनचा आवाज वाढला तर घाबरू नका, इंजिनला ते चालतं. ब्रेक लावायचा तर ठामपणे दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, टेकवून ठेवायचा नाही. आणि मधे दोनदा तरी थांबायचं, तसंही दृश्य बघायला थांबायचंच असतं, चालवणाऱ्याने चालत्या गाडीतून दरी बघायची नाही.

ग्रोसग्लॉकनरबद्दल एक: एडेलवाइसश्पिट्झच्या टोकापर्यंत (२५७१ मीटर) एक छोटा फाटा जातो, फरसबंदी दगडांचा, अरुंद. वर जाताना मजा वाटते पण तो उतरताना पहिला गिअर, तेवढं पाळा.

प्रश्न: आम्ही म्युनिकला राहतो, इलेक्ट्रिक गाडी आहे. घाटात चालेल ना?

उत्तर: उत्तम चालेल, उंचीवर पेट्रोल गाडीचा दम जातो तसा हिचा जात नाही, आणि उतरताना चार्ज परत मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा. मुक्काम उंचावरच्या गावात असेल, समजा लिव्हिन्यो, जे १८०० मीटरवर आहे, आणि रात्रभर लावून बॅटरी पूर्ण १०० टक्के केली आणि सकाळी सरळ उतारच लागला, तर बॅटरीत जागाच नसते, रिजनरेशन, म्हणजे उतारावर चार्ज परत मिळणं, जवळजवळ होत नाही आणि रोज आपोआप मंद होणारी गाडी अचानक मोकळी धावल्यासारखी वाटते. अशा ठिकाणी ८०-८५ टक्क्यांवर थांबवा. बाकी चढणीला चार्ज भराभर उतरतो ते बघून घाबरू नका, निम्मा तरी उतारावर परत येतो असं नाही म्हणणार मी, पण बराच येतो.

प्रश्न: सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, बरोबर येतायत, आणि मुलीला वळणांवर उलट्या होतात. न्यावं का?

उत्तर: न्या, मात्र तयारीने. मुलीला शक्यतो पुढे बसवा, वयाचा आणि उंचीचा तिथला नियम बघून, आणि फोन-पुस्तक बंद, नजर लांबच्या डोंगरावर. मागे बसायची असेल तर मधली सीट, जिथून समोरचा रस्ता दिसतो. खायला थोडं कोरडं, रिकाम्या पोटीही नको आणि तुडुंब भरूनही नको. पण खरं औषध ड्रायव्हरच्या हातात असतं, झटके देत ब्रेक आणि झटके देत गॅस, त्याने उलट्या होतात, वळणाने कमी. सगळ्यांना सारखी गाडी लागत असेल तर वेग उतरवून बघा आधी. उलटीची गोळी चालवणाऱ्याने मुळीच घ्यायची नाही, झोप येते.

सासूबाईंचं म्हणाल तर स्टेल्व्हिओच्या माथ्यावर, २७५७ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीपेक्षाही थोडा कमी असतो. तास-दीड तास थांबून खाली येणाऱ्या धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, जिना चढताना धाप लागते एवढंच. हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं "डोंगरात जातोय" म्हणू नका. वर गेल्यावर सावकाश चालू द्या, भरपूर पाणी, आणि ऑगस्टमध्येसुद्धा वर जाड स्वेटर लागतो. डोकं दुखलं, मळमळलं तर वर बसून वाट बघायची नाही, खाली उतरायचं.

दरीची भीती वाटत असेल तर त्यांना डाव्या बाजूला बसवा, ड्रायव्हरच्या मागे. तिकडे गाडी उजवीकडून जात असल्याने रस्त्याची कड उजव्या खिडकीला असते.

प्रश्न: टोल, स्टिकर, दंड याचा फार गोंधळ आहे. आणि शेवटचं, एकच घाट करायचा तर कुठला?

उत्तर: स्वित्झर्लंडमध्ये हायवेवर जायला विन्येट (म्हणजे टोलचा स्टिकर) लागतो, वर्षाचा ४० फ्रँक, दहा दिवसांचा वेगळा मिळत नाही. तिथे घेतलेल्या भाड्याच्या गाडीला बहुधा आधीच असतो, दुसऱ्या देशातून गाडी आणताय तर काढावा लागतो, आता ऑनलाइन पण मिळतो. घाटांना वेगळा टोल नाही. ऑस्ट्रियात हायवेचा विन्येट कमी दिवसांचाही मिळतो, पण ग्रोसग्लॉकनरला त्याचा उपयोग नाही, तिथे नाक्यावर वेगळे पैसे, कारला चाळीस युरोच्या वर. स्टेल्व्हिओला टोल नाही. पेट्रोल दरीतच भरा, स्टेल्व्हिओच्या बाजूला असाल तर लिव्हिन्यो करमुक्त आहे, तिथे स्वस्त मिळतं.

मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही जवळ असू दे, आणि गाडी एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची परवानगी भाडेकरारात लिहिलेली आहे का ते बघा, सीमा कधी ओलांडली ते घाटात कळतसुद्धा नाही. स्वित्झर्लंडमध्ये गावात ५०, बाहेर ८०, आणि दंड खरोखर जबर असतात, चार-पाच किलोमीटरने ओलांडलं तरी बिल येतं. दिवसाही लाइट चालूच ठेवायचे. इटली-ऑस्ट्रियात गाडी बंद पडून बाहेर उतरायची वेळ आली तर चमकणारं जॅकेट घालावं लागतं, ते डिकीत सामानाखाली नको, दाराच्या कप्प्यात हवं. मदतीला ११२.

आणि एकच करायचा तर... माझं मत सरळ आहे, स्टेल्व्हिओ नाही. त्याचा वरून काढलेला फोटो जितका सुंदर आहे तितकं चालवताना काही दिसत नाही, वळणं मोजण्यातच वेळ जातो, माथ्यावर दुकानांची गर्दी. मी फुर्का ग्रिम्झेलसकट घेईन, आंडरमाटकडून चढून. माथा ओलांडला की बेल्व्हेदेर नावाचं बंद पडलेलं जुनं हॉटेल अगदी हेअरपिनच्या कुशीत उभं आहे, तिथे गाडी लावायला जागा आहे, बाजूलाच ऱ्होन हिमनदी, म्हणजे आता तिचं जे काही उरलंय ते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ही हिमनदी पार खाली ग्लेच गावाच्या सपाटीपर्यंत पसरलेली होती, तिथे उभं राहून खाली ग्लेच बघितलं की केवढा बर्फ गेला ते डोळ्यांनी दिसतं. आणि समोरच्या डोंगरावर ग्रिम्झेलची वळणं, एकावर एक, जिथून अर्ध्या तासाने तुम्ही स्वतः चढणार असता. ऊन उतरतीला लागलं की समोरून उतरणाऱ्या गाड्यांच्या काचा एकेका वळणावर चमकतात. मी तिथे एकदा दीड तास बसले होते, पुढचं बुकिंग चुकलं, हॉटेलवाल्याला फोन करून उशीर होईल सांगितलं आणि परत बसले.